बर्फाच्या अलीकडे

वानखडेदादा गेल्याचं मला त्यांच्या मुलाने, आकाशने, इंग्रजीतून कळवलं. त्याची सगळी शाळा बहरीनमध्ये झालेली, मराठी समजतं पण तोंडात इंग्रजीच येतं. "अंकल, बाबा इज नो मोअर. धिस मॉर्निंग," एवढाच आवाजी मेसेज होता आणि शेवटी तो "जय भीम" म्हणाला, तेवढं मात्र थेट बापाच्या आवाजात. मी तेव्हा मनाम्यातल्या आमच्या ऑफिसात पंपाच्या एका सुट्या भागावरून फोनवर कुणाशी तरी हुज्जत घालत होतो. मेसेज ऐकला, पुन्हा ऐकला, आणि हुज्जत पुरी केली. माणूस अशा वेळी असा का वागतो, कुणास ठाऊक... मग खाली जाऊन गाडीत बसलो, एसी पूर्ण सोडला, आणि तोंडावर हवा आल्याबरोबर रडू कोसळलं. कारण दादा शेजारी असले की असा एसी लावायची सोय नव्हती. "आधी काचा खाली करा अनंतराव, गरम हवा बाहेर जाऊ द्या. कॉम्प्रेसरच्या जिवावर काय उठता?" असं म्हणून ते स्वतः वाकून माझ्या बाजूची काच खाली करायचे.

तीसएक वर्षं त्यांनी बहरीनमध्ये काढली. मूळचे अकोला जिल्ह्यातले. आमच्याच कंपनीत चिलर सुपरवायझर होते, म्हणजे मोठ्या इमारती थंड ठेवणारी जी अजस्र यंत्रं असतात, त्यांचा कारभार त्यांच्याकडे. मी परचेसमध्ये, त्यांना लागणारे भाग मागवणारा. बुसैतीनला आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो, ते दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. गेल्या सप्टेंबरात त्यांचा व्हिसा संपला आणि ते सुमनवहिनींना घेऊन कायमचे अकोल्याला गेले. हिवाळा सरता सरता एका सकाळी अंगणात पेपर वाचत बसले होते, चहाचा कप ठेवायला उठले आणि तिथेच पडले. मला रजा मिळाली नाही. इथे एका मित्राच्या फ्लॅटवर बुद्धवंदना ठेवली होती, तिला गेलो. मी कोकणातला, घरात गणपती बसवणारा, त्रिसरण मला अजून पाठ नाही. पण मागे वळून बघतो तर दादांच्या क्रूमधले मल्याळी, बंगाली, नेपाळी असे सगळे मांडी घालून बसलेले आणि त्यांनाही पाठ नव्हतं. आम्ही सगळ्यांनी मिळून ओठ हलवले.

तिसऱ्या दिवशी वहिनींना फोन केला. पलीकडे पाहुण्यांचा गलका होता. सांत्वनाचं मी जे काही जुळवून ठेवलं होतं ते बोलायच्या आतच त्या म्हणाल्या, "भाऊजी, त्याईचा बर्फ राहून गेला. माह्यामुळं राहून गेला." मग कुणी तरी त्यांना हाक मारली आणि फोन दुसऱ्याच्या हातात गेला. मी गप्प बसलो ते नुसतं गलक्यामुळे नाही. त्या बर्फाबद्दल मला एक गोष्ट माहीत होती, जी वहिनींना माहीत नव्हती, आणि ती त्यांना सांगायची नाही असा शब्द मी दादांना दिला होता. शब्द घेणारा माणूस निघून गेला की त्या शब्दाचं काय करायचं असतं, हे गेले काही आठवडे मला कळेनासं झालं होतं. ती गोष्ट सांगायची तर आधी बर्फाची सांगावी लागेल.

आमच्याकडे बहरीनमध्ये कोपऱ्यावरच्या किराणा दुकानालाही कोल्ड स्टोअर म्हणतात. थंडीला इथे एवढी किंमत. झल्लाकच्या किनाऱ्यावरच्या एका मोठ्या हॉटेलचं काम दादांकडे होतं. ऑगस्टात बाहेर डांबर पाघळत असताना आतले पाहुणे दुलई पांघरून झोपायचे, ते दादांच्या जिवावर. स्वतः मात्र ते छतावर नाहीतर प्लँटरूममध्ये, म्हणजे जिथे ती थंडी तयार होते आणि जिथे उकाड्याने जीव नकोसा होतो अशा ठिकाणी. "जन्मभर थंडी बनवली, अनंतराव, पण आयती थंडी कधी पाहिली नाही," असं ते म्हणायचे. आयता बर्फ हा त्यांचाच शब्द. कॉम्प्रेसर नाही, गॅस नाही, वीज नाही, आणि तरी डोंगरावर बसून राहिलेला बर्फ. हिमयुगावरचे माहितीपट ते फोनवर बघायचे आणि जेवताना आम्हाला ऐकवायचे. अख्खे देश कसे बर्फाखाली होते, त्या बर्फाने सरकत सरकत दऱ्या कशा खरवडून काढल्या, आणि त्यातला थोडा थोडा अजून डोंगरांच्या बगलेत कसा शिल्लक आहे. "आणि मेंटेनन्स काँट्रॅक्ट कुणाकडेच नाही!" हे वाक्य ठरलेलं. त्यावर हसलं नाही तर ते पुन्हा म्हणायचे.

मला स्वतःला डोंगरांचं काडीचं कौतुक नाही. आमचं घर संगमेश्वराच्या बाजूला डोंगरावर. शाळा खाली, दुकान खाली, डॉक्टर खाली, एसटी खाली. ज्याने लहानपणी रॉकेलचा डबा घेऊन तो चढ चढलाय त्याला हौसेने डोंगर चढणारी माणसं बघितली की हसावं की रडावं कळत नाही. दादांचं उलटं. त्यांच्या गावात चढ म्हणजे रेल्वेचा पूल. तिथून आले ते बहरीनला, जे हातावर थापलेल्या भाकरीसारखं सपाट. इथला सगळ्यात उंच डोंगर म्हणजे जबल दुखान, तो त्यांनी मला एकदा गाडीतून मोठ्या अभिमानाने दाखवला. मी विचारलं, "कुठाय?" ते म्हणाले, "समोरच तर हाय." मी म्हटलं, "दादा, आमच्याकडे एवढ्याला कुणी नावसुद्धा ठेवत नाही." ते दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

साठी जवळ आली तसं कंपनीने सांगितलं की यापुढे व्हिसा वाढणार नाही. गल्फमधल्या माणसाला हे एक दिवस ऐकायचंच असतं, त्याचं दादांना वाईट वाटलं नाही. त्यांची काळजी निराळीच होती. बहरीनचं रेसिडेन्ट कार्ड खिशात असलं की जॉर्जियाला, म्हणजे रशियाला लागून असलेल्या त्या डोंगराळ देशात, जायला व्हिसा लागत नाही, म्हणून इथली निम्मी मंडळी ईदच्या सुट्टीत तिकडे बर्फ बघायला जातात. ते कार्ड रद्द झालं की खलास. अकोल्यात बसून परदेशाच्या व्हिसाची कागदपत्रं जमवणं दादांच्याने होणार नव्हतं आणि तेवढा खर्च वहिनी करू देणार नव्हत्या. म्हणजे बर्फ बघायचा तर येत्या बकरीदला, नाहीतर कधीच नाही. त्यात तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवलेला. डॉक्टर म्हणाले, सावकाश चाला, हरकत नाही. वहिनी महिनाभर नाहीच म्हणत होत्या. शेवटी एका अटीवर हो म्हणाल्या, अनंतभाऊजी बरोबर आले तरच. अशा रीतीने मी, डोंगरांचा वैरी, पहारेकरी म्हणून नेमला गेलो. माझ्या बायकोला, मीनाला, विचारलं तर ती म्हणाली, मला फ्रीजमधला बर्फ पुरतो, तुम्ही या जाऊन.

मग सराव सुरू झाला. सपाट देशात चढाचा सराव कुठे करायचा? दादांनी तोड काढली. शुक्रवारी सकाळी, मॉल उघडायच्या आधी, तिथल्या बहुमजली पार्किंगच्या उतारावरून आम्ही तिघं वर चढायचो आणि पुन्हा खाली यायचो. वहिनी सलवार-कमीज आणि नवे कोरे बूट घालून, दादा पाठीवर तांदळाची पिशवी घेऊन, मी चेहरा पाडून. दुसऱ्या-तिसऱ्या शुक्रवारी तिथला सिक्युरिटी गार्ड काळजीने जवळ आला. "सर, गाडी भूल गये क्या? मैं ढूँढ दूँ?" दादा म्हणाले, "नहीं भाई, ग्लेशियर जा रहे हैं." तो गार्ड नेपाळी होता. त्याने पार्किंगच्या त्या उताराकडे पाहिलं, मग वहिनींच्या बुटांकडे पाहिलं, आणि अतिशय सभ्यपणे "अच्छा सर" म्हणून निघून गेला.

आता दादांच्या 'थांबा'बद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. त्यांच्या उमेदीच्या काळात त्यांच्या हाताखालचा एक माणूस उन्हात शिडीवरून पडला. जिवावरचं पाठीवर निभावलं, पण पाठ कायमची गेली आणि तो गावी परत गेला. दादा त्याला हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले तेव्हा तो म्हणाला की सकाळपासूनच चक्कर येत होती, पण सगळ्यांसमोर सांगायची लाज वाटली. दादांनी ते मनाला फार लावून घेतलं. तेव्हापासून त्यांच्या क्रूमध्ये कायदा झाला. काम कितीही अडलेलं असो, कुणीही, अगदी काल लागलेल्या हेल्परनेही, 'थांबा' म्हटलं की सगळ्यांनी हातातलं ठेवून थांबायचं. म्हणणाऱ्याला का म्हणून विचारायचं नाही, त्याला हसायचं नाही. सांगावंसं वाटलं तर तो सांगेल. सेफ्टीच्या कागदांवर हे इंग्रजीत असतंच, पण कागदावर असतं तिथेच ते राहतं. दादा घाईत मराठीच बोलायचे, त्यामुळे क्रूमध्ये शब्द रुजला तो मराठी. रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी ते सगळ्यांना गोल उभं करून त्यांच्या त्या हिंदीत विचारायचे, "नींद हुआ? खाना खाया? शरम नहीं करनेका. क्या बोलनेका?" आणि केरळपासून काठमांडूपर्यंतची माणसं एका सुरात म्हणायची, "थांबा!"

जॉर्जियात राजधानीपासून दिवसभर गाडीने गेल्यावर मेस्तिया नावाचं गाव लागतं. चहूबाजूंनी बर्फाचे डोंगर, गावात दगडी बुरूज, आणि जून महिन्यात स्वेटर घालावा लागेल अशी हवा. आम्ही एका घरात खोल्या घेतल्या होत्या. पहिल्या सकाळी दादा ओसरीवर उभे राहून हात बाहेर काढून हवा चाचपत होते. "बारा डिग्री," ते म्हणाले. "आणि एक मशीन चालू नाही, अनंतराव. एकसुद्धा!" पहिल्या दिवशी धबधबे होते आणि दुसऱ्या दिवशी बर्फ. निघताना दादांनी त्यांची गोल सभा घेतली, आम्हा तिघांचीच, आणि नियम सांगितले. त्यातला एक पाण्याचा. गल्फमध्ये उन्हाळ्यात काम केलेल्या माणसाच्या डोक्यात पाण्याची भीती इतकी मुरलेली असते की विचारू नका. प्रत्येकाच्या पाठीवर बाटल्यांचा अख्खा गठ्ठा बांधला गेला. आणि मग आम्ही जी दरी चढू लागलो तिच्यात पावलोपावली पाणी होतं. डावीकडून झरा, उजवीकडून ओहोळ, वाटेच्या मधूनच पाट वाहतोय, आणि त्याच्यातून आम्ही तिघं बहरीनी शिस्तीने विकतचं पाणी पाठीवर घेऊन वाकून चाललोय. एक गुराखी म्हातारा दगडावर बसला होता. त्याने ओंजळीने ओहोळाचं पाणी पिऊन दाखवलं, आमच्या गठ्ठ्यांकडे बोट केलं आणि पोट धरून हसला. दादाही हसले, पण बाटल्या काही फेकू दिल्या नाहीत. "सुरुवात केली त्याच लोडने शेवट करायचा," म्हणाले. वहिनी मुकाट्याने चालत होत्या.

एका कुरणात घराएवढा एक धोंडा एकटाच बसलेला होता. आजूबाजूला तसला दुसरा दगड नाही. दादा त्याच्याभोवती फिरले, हात लावून पाहिला आणि वहिनींना समजावून सांगू लागले. "हा इथला नाही, सुमन. हा वरून, लय लांबून आला. बर्फानं उचलला, इथपर्यंत आणला, आणि मग बर्फ गेला वितळून. हा राहिला." वहिनींनी धोंड्याकडे नीट पाहिलं. "म्हंजे आपल्यावानीच," त्या म्हणाल्या. "फक्त याचा व्हिसा संपत नाही," मी म्हटलं, आणि तिघंही हसलो. पुढे धबधबे आले. उंच कड्यावर बर्फाची कड लोंबत होती आणि तिच्याखालून चार-पाच ठिकाणांहून पाणी उड्या टाकत होतं. आवाज एवढा की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. कोकणातले धबधबे मी जन्मल्यापासून पाहिलेत, पण ते पावसाळ्याचे पाहुणे. इथे निरभ्र आकाशाखाली, ऊन पडलेलं असताना, एवढं पाणी नुसतं बर्फ वितळून येत होतं. मी कबूल करतो, असं पाणी मी कधी पाहिलं नव्हतं. वहिनी पुढे जाऊन तुषारांत उभ्या राहिल्या, ओढणी, केस, चष्मा सगळं भिजवून घेतलं, आणि दादा त्यांच्याकडे बघत होते, धबधब्याकडे कमी. उतरायला मात्र संध्याकाळ झाली आणि वहिनी घरी पोचल्यावर जेवण न करताच आडव्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी हिमनदी. वाट आदल्या दिवसापेक्षा सोपी, असं सगळेच सांगत होते. झुलत्या पुलावरून नदी ओलांडायची, मग देवदारांचं रान, आणि रान संपलं की दगडच दगड. लहान, मोठे, ओबडधोबड, कुठूनही कसेही येऊन पडलेले. हा सगळा बर्फाने ढकलत आणलेला भराव, असं आदल्या दिवशीचे दादा नक्की सांगत बसले असते. त्या दिवशी ते काहीच बोलत नव्हते. मला वाटलं, जन्मभराची गोष्ट समोर आलीय, माणूस गप्प होणारच. नदीचं पाणी राखाडी, पातळ सिमेंटसारखं, आणि हवा अशी गार की नाकातून आत जाताना कळावी. मी सगळ्यांच्या पुढे होतो. एका वळणावर दरी उघडली आणि समोर तो दिसला. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला तो बर्फ वाटलाच नाही, मुरमाचा ढीग वाटला. वर सगळी माती आणि गोटे. मग ऊन पडलं आणि मधली एक भेग निळी दिसायला लागली. समोरून एक तरुण जोडपं येत होतं, ते म्हणालं, पंधरा मिनिटं, फार तर वीस. मी मागे वळून ओरडलो, "दादा, आला तुमचा बर्फ!"

आणि तेव्हाच वहिनी म्हणाल्या, "थांबा."

मोठ्याने नाही म्हणाल्या. घरात दूध उतू जायला लागल्यावर म्हणावं तसंही नाही. नुसतं, थांबा. दादांनी एक पाय पुढच्या दगडावर ठेवला होता, तो त्यांनी खाली घेतला. पाठीवरचा गठ्ठा सोडला आणि तिथेच एका सपाट दगडावर बसले. वहिनी शेजारी बसल्या. मी धावत मागे आलो. मला राग आवरेना. ज्या माणसाने पार्किंगमध्ये तांदूळ वाहिले, ज्याचं कार्ड तीन महिन्यांत रद्द होणार होतं, तो पाव तासाच्या अंतरावर बसून राहतो म्हणजे काय! "अहो वहिनी, इथवर आलोय, हा काय समोर आहे, जरा दम खाऊ आणि..." दादांनी हात वर केला. "अनंतराव. थांबा म्हटलं तिनं." त्यांचा आवाज प्लँटरूममधला होता. का थांबायचं हे त्यांनी वहिनींना विचारलं नाही. मीही नाही विचारलं, पण तो शहाणपणा नव्हता, रुसवा होता.

बराच वेळ आम्ही तिथे होतो. दादा बर्फाकडे बघत राहिले. मधूनच वरून एखादा गोटा सुटायचा आणि गडगडत खाली यायचा, त्याचा आवाज आमच्यापर्यंत उशिरा पोचायचा. येणारे-जाणारे लोक आमच्या बाजूने जात होते, जवळ जाऊन हात लावून, फोटो काढून परत येत होते. वहिनींनी चपात्या आणि ठेचा काढला. "निळा हाय बघा आतून," दादा एवढंच म्हणाले. मला ते बघवेना, म्हणून मी नदीच्या काठाने फोटो काढत जरा लांब गेलो. परत आलो तेव्हा दोघं उठून कपडे झटकत होती. उतरताना रानात वाट अरुंद झाली, वहिनी काठी टेकत पुढे गेल्या, आणि दादांनी मागून माझं मनगट धरलं. त्यांचा हात घामेजलेला होता.

"छातीत दाबून येत होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "पुलापासूनच. गोळी ठेवली जिभेखाली, तुम्ही पुढे होते तेव्हा. आता म्हणतो थांबा, त्या झाडापाशी म्हणतो, त्या दगडापाशी म्हणतो... तोंडातून निघेच ना, अनंतराव. समोर बर्फ दिसते आणि आपण म्हणाचं थांबा? तिनं म्हटलं नसतं तर मी चालतच राह्यलो असतो." थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाले, "एवढ्या लोकांना शिकवलं, शरम नहीं करनेका. अन् मलेच शरम आली." मी घाबरून वहिनींना हाक मारणार, तर त्यांनी मनगट घट्ट धरलं. आता बरं आहे म्हणाले. आणि तिथे माझ्याकडून शब्द घेतला. वहिनींनी हो म्हटलं म्हणून ही सहल झाली होती. हे कळलं तर त्या जन्मभर स्वतःला बोल लावून घेतील, म्हणून त्यांना कळू द्यायचं नाही. बहरीनला उतरल्याबरोबर हॉस्पिटलमध्ये जायच्या बोलीवर मी शब्द दिला, आणि दोघांनीही आपापली बाजू पाळली. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या आणि वेळेवर थांबलात ते उत्तम केलंत म्हणाले. वहिनींना आम्ही सांगितलं की कायमचं गावी जायच्या आधीची तपासणी आहे.

सप्टेंबरात ते गेले. जायच्या आदल्या दिवशी झल्लाकला शेवटची गोल सभा झाली, तिला मीही गेलो होतो. दादांनी सगळ्यांना सांगितलं, "मेरे को मेरा बायको रोका. ग्लेशियर के सामने रोका. मैं 'क्यों' नहीं पूछा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अकोल्याहून ते दर शुक्रवारी फोन करायचे, उन्हात पाय सोडून बसलोय, मजेत आहे, तुम्ही कधी येता, असं बोलायचे. बर्फ हुकल्याचा शब्द त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकला नाही. पण गल्लीतल्या लोकांना मात्र ते ती गोष्ट रंगवून सांगायचे. समोर होता हो, या इथून त्या पाण्याच्या टाकीएवढ्या अंतरावर! ऐकणारे चुकचुकायचे आणि वहिनी आत स्वयंपाकघरात ते ऐकायच्या, हे मला आता कळतंय.

गेल्या आठवड्यात एक वॉल्व्ह पोचवायला झल्लाकला गेलो होतो. प्लँटरूममध्ये दादांच्या जागी आता एक इजिप्शियन सुपरवायझर आहे, भला माणूस. चौघं मिळून एक मोटर साखळीने वर उचलत होते. मध्येच जोसेफ, त्यांच्यातला सगळ्यात जुना मल्याळी माणूस, म्हणाला, "थांबा." चौघांचे हात जिथल्या तिथे थांबले. सुपरवायझरला मराठी कुठून येणार, पण तोही उभा राहिला. मोटर खाली ठेवली गेली. जोसेफ भिंतीला टेकून बसला, घोटभर पाणी प्यायला, आणि थोड्या वेळाने आपण होऊन म्हणाला की कंबरेत उसण भरली होती. मग दुसऱ्या एकाने त्याची जागा घेतली आणि काम पुढे सुरू झालं. परत येताना मी झल्लाकपासून बुसैतीनपर्यंत गाडीत रेडिओ लावला नाही. दादांना दिलेला शब्द वहिनींना बोल लागू नये म्हणून होता. आणि आता तर तो मी पाळत होतो म्हणूनच त्या स्वतःला बोल लावत होत्या.

शुक्रवारी दुपारी फोन केला. आकाश पुण्याला नोकरीवर परत गेला होता, पाहुणे केव्हाच पांगले होते. घरी कोण आहे विचारलं, तर म्हणाल्या, "कोनी नाही, भाऊजी. मी एकटीच हाव." मी विषय कसा काढावा या विचारात असतानाच त्या स्वतःच बोलू लागल्या. माणसाला जे सलत असतं त्याला तो वाट करून देतोच. "माह्या पायात गोळे आलते, भाऊजी. आदल्या दिवशीच्या चढानं पोटऱ्या दगडावानी झालत्या. एक पाऊल उचलत नव्हतं. लाज वाटत होती, पन मंग त्याईचंच आठवलं, शरम नाही करायची म्हनून. अन् म्हनून टाकलं मी. तेवढे दहा-पंधरा मिनटं दात खाऊन चालली असती तं... माह्या पायांपायी त्याईचा बर्फ गेला. त्याईनं कधी इचारलं बी नाही, काहून थांबलो म्हनून."

मी सगळं सांगितलं. पुलापासूनचं दुखणं, जिभेखालची गोळी, रानातलं बोलणं, हॉस्पिटल, डॉक्टर काय म्हणाले ते, आणि त्यांनी घेतलेला शब्दही. काही वगळलं नाही. तुमच्या त्या एका शब्दाने दादा खाली चालत आले, असं म्हणालो.

फोन कट झाला की काय म्हणून मी दोनदा हॅलो केलं. मग त्या म्हणाल्या, "तिथं बसलो तवा त्याईनं माहा हात धरला होता. तुमी फोटो काढाले गेलते. लोक येऊन-जाऊन रायलते, तरी धरला. मले वाटलं, राग नाही आला हे सांगून रायले..." पंख्याचा आवाज येत होता. मग वहिनींनी फोन तोंडापासून बाजूला केला असावा, कारण पुढचं बोलणं जरा लांबून आलं, आणि ते माझ्याशी नव्हतं.

"आयकलं काहो? म्हंजे आपन दोघंबी थकलो होतो. सांगायचं नाही का मंग तवा?"

घरात त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं.